दोन बेटं, एक ऊस आणि माझी अर्धवट भरलेली फाइल

आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपमध्ये आम्ही सात जण. त्यातले चार जण आत्ता देशाबाहेर आहेत, पाचव्याचा ऑस्ट्रेलियाचा पीआर मागच्या महिन्यात आला. उरलो दोघं. त्यातल्या एकाचं म्हणणं असं की "मी जाणार नाही" आणि दुसऱ्याच्या, म्हणजे माझ्या, लॅपटॉपवर एक अर्धवट भरलेला फॉर्म गेले आठ महिने पडून आहे. आई दर रविवारी फोनवर विचारते, "काय ठरलं?" आणि मी दर रविवारी सांगतो, "बघू." आजचा लेख त्या फॉर्मबद्दल नाही, पण तिथूनच सुरू झाला म्हणून सांगितलं.

तर झालं असं, की मागच्या वर्षी कंपनीने मला तीन महिन्यांसाठी मॉरिशसला पाठवलं. ऑनसाइट म्हटलं की लोकांना अमेरिका आठवते, मला मिळालं एबेन. पोर्ट लुईसच्या दक्षिणेला डोंगर आणि उसाच्या शेतांच्या मध्ये काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्याला 'सायबर सिटी' म्हणतात. तिथे माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचं आडनाव ऐकून मी दचकलोच. अस्सल कोकणी आडनाव, स्पेलिंग मात्र फ्रेंच वळणाचं. घरात क्रिओल बोलतात, ऑफिसात इंग्रजी-फ्रेंच, आणि मराठी त्याला आजीने शिकवलेल्या आरतीपुरती येते. त्याचा खापरपणजोबा मुंबई बंदरातून जहाजात चढला होता, एवढंच घरात माहीत आहे. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते हे त्याने मला इतक्या सहज सांगितलं, की आमच्या पुण्याच्या ऑफिसात मला त्या सुट्टीसाठी मॅनेजरची मनधरणी करावी लागते हे मी सांगितलंच नाही :)

त्याच प्रोजेक्टवर सिडनीहून आमचे एक सिनिअर आर्किटेक्ट होते. वय पंचेचाळीसच्या पुढे, हिंदी बोलतात पण वेगळीच, भोजपुरीच्या अंगाने जाणारी. मूळचे फिजीचे. एकदा रात्री रिलीज अडकलं होतं, कॉलवर आम्ही तिघंच. डेटाबेसचं बॅकअप पूर्ण व्हायची वाट बघत गप्पा सुरू झाल्या. मॉरिशसवाल्याने सांगितलं की तो पॅरिसला शिकून परत आला, कारण इथे नोकरी होती, घर होतं. सिडनीवाले थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी १९८७ मध्ये दोन सुटकेसमध्ये घर भरलं. ते गणिताचे मास्तर होते. आजोबांचा ऊस होता, पण जमीन लीजवर. पुढे लीजही संपली. आता तिथे आमचं असं काही नाही."

त्या रात्री रिलीज झालं पण माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. कारण कागदावर बघितलं तर ही दोन्ही माणसं एकाच गोष्टीची मुलं. दोघांचे पूर्वज हिंदुस्थानातून करारावर ऊस तोडायला गेले. दोन्ही बेटं ब्रिटिशांची. दोन्ही साखरेवर उभी. मग एकाच्या घराण्याला मुळं फुटली आणि दुसऱ्याच्या घराण्याला सुटकेस का भरावी लागली? पुढचे काही शनिवार-रविवार मी हेच वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी मॉरिशस. बेट आहे साधारण दोन हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. मूळ रहिवासी कोणीच नाहीत (डोडो पक्षी होता, तो डच काळात संपला). फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं, १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि मळेवाल्यांना मजूर कमी पडायला लागले. तेव्हा १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसं पोर्ट लुईसच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मी तिथे गेलो होतो. दगडी पायऱ्या आहेत, मोजून सोळा. माझा तो सहकारी त्या पायऱ्यांवर चप्पल काढून चढला. मी त्याच्याकडे बघून काढली.

आता फिजी. इथे एक मजेशीर दुवा आहे. सर आर्थर गॉर्डन नावाचा ब्रिटिश अधिकारी १८७१ ते १८७४ मॉरिशसचा गव्हर्नर होता. १८७४ मध्ये फिजी ब्रिटिशांकडे आलं आणि पुढच्याच वर्षी हाच गॉर्डन तिथे गव्हर्नर म्हणून गेला. त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, फिजीच्या मूळ लोकांची जमीन गोऱ्या मळेवाल्यांच्या घशात जाऊ द्यायची नाही. दोन, त्या लोकांना मळ्यांवर मजूर म्हणून जुंपायचं नाही, त्यांची गावं आणि त्यांचे सरदार तसेच ठेवायचे. हेतू वाईट नव्हता. शेजारी न्यूझीलंडमध्ये माओरींच्या जमिनीचं काय होत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. पण साखर तर हवी होती, वसाहतीचा खर्च निघायला हवा होता. मग मजूर कुठून आणायचे? उत्तर गॉर्डनला आधीच माहीत होतं. मे १८७९ मध्ये 'लिओनिडास' जहाज पहिली तुकडी घेऊन फिजीला लागलं. १९१६ पर्यंत सुमारे साठ हजार माणसं गेली. ज्या कागदावर अंगठा दिला त्या 'अॅग्रीमेंट'चं त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झालं आणि ती माणसं गिरमिटिया झाली.

म्हणजे माणूस तोच, पीक तेच, राज्यकर्ते तेच. फरक पडला तो नियमांमध्ये. मला त्यातले तीन नियम महत्त्वाचे वाटले.

पहिला नियम, जमीन कोण विकत घेऊ शकतो.

मॉरिशसमध्ये मजुरांचे हाल कमी नव्हते. पास नसेल तर पकडायचे, एक दिवस कामावर नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचे. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले, मळेवाल्यांना पैशाची गरज लागली आणि त्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. घेणारे कोण? करार संपलेले हिंदी मजूर. पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांतून एकेक, दोन-दोन एकर. कागद नावावर झाला. त्या तुकड्यावर पोरगा शिकला, कोणी शिक्षक झाला, कोणी वकील.

फिजीमध्ये हे शक्यच नव्हतं. ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन मूळ फिजीयन कुळांच्या सामाईक मालकीची, आणि ती विकता येत नाही, आजही येत नाही. हिंदी शेतकरी भाडेपट्ट्यावर कसणार. १९७६ च्या कायद्याने हे पट्टे तीस वर्षांचे झाले, आणि १९९७ पासून ते संपायला लागले. ज्यांचे पुन्हा वाढवले गेले नाहीत त्यांनी घराचे पत्रे काढून शहराची वाट धरली. आता विचार करा, ज्या जमिनीवरून तुम्हाला कधीतरी उठवणार हे माहीत आहे तिथे तुम्ही विहीर खणाल का? पक्कं घर बांधाल? आणि मालकाच्या बाजूने बघितलं तर त्यालाही वाटणार, की भाडं किरकोळ येतंय आणि पट्टा पुन्हा दिला की जमीन अजून एक पिढी हातातून गेली. दोघंही आपापल्या जागी बरोबर. जो नियम एका समाजाला वाचवण्यासाठी केला, त्यानेच दोन समाजांना कायमचं मालक आणि कूळ म्हणून समोरासमोर उभं केलं.

दुसरा नियम, मत कसं द्यायचं.

हे वाचताना माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, कारण हा चक्क डिझाइनचा प्रश्न आहे. फिजी १० ऑक्टोबर १९७० ला स्वतंत्र झालं. संसदेत ५२ जागा, त्यातल्या २२ फिजीयनांना, २२ हिंदींना, ८ इतरांना. जागा आधीच जातवार वाटलेल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जागांवर तर मतदारही त्याच समाजाचे. मग उमेदवार कशाला दुसऱ्या समाजाशी गोड बोलेल?

मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झालं. तिथे मतदारयादी सगळ्यांची एकच. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन जण निवडून येतात आणि प्रत्येक मतदाराला तीन मतं. रॉड्रिग्ज बेटाच्या दोन जागा धरून ६२. आता पक्षाने तिघंही एकाच समाजाचे दिले तर बाकीची मतं गेली, म्हणून बहुतेक ठिकाणी पक्ष मिश्र तिकडी देतात. वर आठ जागा 'बेस्ट लूझर' म्हणून, ज्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळालं त्याच्या हरलेल्यांपैकी सर्वांत जास्त मतं मिळवणाऱ्यांना. ही पद्धतही जात विचारतेच, त्यावर तिथे वाद आहेत, कोर्टकज्जे झाले आहेत. पण आधी सगळ्यांची मतं मागायची आणि मग उरलेली भर घालायची, हा क्रम महत्त्वाचा.

तिसरा नियम, बंदूक कोणाकडे.

मॉरिशसला सैन्यच नाही! पोलीस आहेत आणि त्यांचंच एक निमलष्करी दल आहे, बास. फिजीला सैन्य आहे आणि ते जवळजवळ पूर्णपणे एकाच समाजाचं.

आता नुसते नियम सांगून उपयोग नाही, ते वापरताना काय झालं ते बघू.

मॉरिशसची सुरुवात चांगली झाली असं कोणी समजू नये. जेम्स मीड नावाचे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ (यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं) १९६१ च्या त्यांच्या अहवालात या बेटाबद्दल फारच निराश होते. लोकसंख्या भसाभस वाढतेय, पीक एकच, समाज चार, नोकऱ्या नाहीत. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने असताना, पोर्ट लुईसमध्ये दंगल पेटली आणि ब्रिटिश सैनिक आणावे लागले. बरेच क्रिओल आणि गोरे तेव्हा ऑस्ट्रेलियाला निघून गेले. म्हणजे सुटकेस तिथेही भरल्या गेल्या होत्या.

पण मग एक गोष्ट घडली. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ मध्ये ज्यांनी स्वातंत्र्याला विरोध केला त्याच पक्षाला, गाएतां द्युव्हाल यांच्या पक्षाला, सरकारात घेतलं. साखरेचे मळे आणि कारखाने बहुतांश फ्रेंच वंशाच्या मोजक्या घराण्यांकडे होते. ते सरकारजमा करा अशी मागणी होती, रामगुलामांनी केले नाहीत. त्याऐवजी साखरेच्या निर्यातीवर कर लावला आणि त्यातून दवाखाने, शाळा, स्वस्त तांदूळ आणि पीठ. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत. थोडक्यात सौदा असा, की मळे तुमचे राहतील, पण कर द्यायचा. सरकार आमचं राहील, पण तुम्हाला हाकलणार नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण समाधान नाही, म्हणूनच बहुधा तो टिकला.

१९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. कल्पना चिनी वंशाचे एक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक एडवर्ड लिम फात यांची, तैवान आणि पोर्तो रिकोमध्ये बघून आलेली. (इंजिनिअरने देशाचं भलं केल्याचं उदाहरण मिळालं की मी ते सोडत नाही!) १९७० च्या दशकात साखरेचे भाव उसळले तेव्हा मळेवाल्या घराण्यांकडे पैसा आला. आपली मालमत्ता उद्या जप्त होईल अशी भीती असती तर तो पैसा पॅरिसच्या बँकेत गेला असता. त्यातला बराच इथेच कपड्यांच्या कारखान्यांत लागला. १९९० च्या सुमारास या क्षेत्रात सुमारे ९० हजार लोक काम करत होते, त्यात बायका खूप. जिथे नोकऱ्या नव्हत्या तिथे कामाला माणसं मिळेनाशी झाली.

इथे कोणी म्हणेल, अरे पण त्यांना नशिबाने साथ दिली, युरोप त्यांची साखर जास्त भावाने घेत होता. बरोबर आहे. १९७५ च्या लोमे कराराने तो कोटा मिळाला. पण तोच कोटा त्याच करारात फिजीलाही मिळाला! आणि १९७० च्या दशकात फिजीचं दरडोई उत्पन्न मॉरिशसपेक्षा जास्त होतं. जमीन कितीतरी पट जास्त, जंगल आहे, सोनं आहे, पर्यटकांसाठी तीनशेच्या वर बेटं. आज मॉरिशसचं दरडोई उत्पन्न फिजीच्या जवळपास दुप्पट आहे.

मधल्या काळात काय झालं? मला वाटतं दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुरे.

जून १९८२, मॉरिशस. निवडणुकीत मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा विरोधकांनी जिंकल्या. स्वातंत्र्य मिळवून देणारे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले. ते घरी गेले. पुढच्याच वर्षी, १९८३ च्या शेवटी, ज्यांनी त्यांना हरवलं होतं त्या अनिरुद्ध जगन्नाथांच्या सरकारने त्यांना गव्हर्नर जनरल केलं.

एप्रिल १९८७, फिजी. निवडणुकीत तिमोची बावाद्रा यांची आघाडी जिंकली. स्वतः बावाद्रा मूळ फिजीयन, पण त्यांच्या मागे हिंदी मतं मोठ्या प्रमाणावर होती. १४ मे ला, म्हणजे महिनाभरातच, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका सैनिक घेऊन संसदेत शिरले. सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा. १९९० च्या राज्यघटनेत पंतप्रधानपद मूळ फिजीयनांसाठी राखून ठेवलं. ती घटना १९९७ मध्ये बदलली, १९९९ मध्ये महेंद्र चौधरी पहिले हिंदी वंशाचे पंतप्रधान झाले, आणि १९ मे २००० ला बंदूकधाऱ्यांनी त्यांना संसदेतच ओलीस धरलं, ५६ दिवस. डिसेंबर २००६ मध्ये आणखी एक लष्करी उठाव.

१९८६ मध्ये फिजीत हिंदी वंशाचे लोक सुमारे ४९ टक्के होते, २००७ मध्ये सुमारे ३८ टक्के. जन्मदर कमी झाला हेही कारण आहे, पण मुख्य कारण लोक गेले. डॉक्टर गेले, अकाउंटंट गेले, आमच्या आर्किटेक्टचे गणिताचे मास्तर वडील गेले. साखरेचं उत्पादन १९९४ मध्ये पाच लाख टनांच्या वर होतं, आता ते दोन लाखांच्याही आत आलंय. साखर मॉरिशसमध्येही घटली. पण तोवर त्यांच्याकडे कपडे, हॉटेलं, बँका आणि ती एबेनची काचेची इमारत आली होती.

मॉरिशसला हार घालून मोकळं व्हायचं नाहीये मला. १९७१ मध्ये तिथे आणीबाणी लागली, १९७२ ची निवडणूक १९७६ पर्यंत ढकलली गेली. गुलामांचे वंशज असलेले क्रिओल या भरभराटीत मागेच राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला तेव्हा बेट पुन्हा पेटलं. आणि आजवरचे पंतप्रधान बघितले तर रामगुलाम आणि जगन्नाथ ही दोन घराणी सोडून एकच नाव सापडतं, २००३ ते २००५ चे पॉल बेरांजे. आणि हो, फिजीच्या मूळ लोकांकडे हरवण्यासारखा स्वतःचा देश होता, मॉरिशसमध्ये सगळेच पाहुणे. हा फरक छोटा नाही. फिजीतही दिवस बदलताहेत. २०२२ च्या निवडणुकीनंतर बंदुकीशिवाय सत्ता बदलली, आणि पंतप्रधान झालेल्या त्याच राबुकांनी मे २०२३ मध्ये १९८७ बद्दल जाहीर माफी मागितली. मी सिडनीवाल्यांना विचारलं, "मग परत जाल का?" ते म्हणाले, "माफी पोचली. पण वडील ती ऐकायला नाहीत, आणि माझी मुलं ऑस्ट्रेलियन आहेत."

मला यातून काय कळलं? देश श्रीमंत कशाने होतो याची उत्तरं आपण संस्कृती, हवामान, 'आपले लोकच तसले' यात शोधतो. ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी स्वतः हे शेवटचं वाक्य दिवसातून दोनदा म्हणतो. पण इथे लोक तेच होते. एकाच देशातून, एकाच कारणासाठी गेलेले. त्यांच्या मेहनतीत फरक नव्हता. फरक होता तो एवढाच, की आज घातलेला घाम उद्या माझाच राहील का, आणि माझी बाजू निवडणूक हरली तरी मी या देशात राहीन का, या दोन प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांत. 'हो' म्हणता आलं तर माणूस विहीर खणतो, कारखाना काढतो, पॅरिसहून परत येतो. नाही म्हणावं लागलं की हुशार माणूस आधी निघतो, कारण त्याला निघता येतं.

आणि जो निघतो त्याच्यामुळे उरलेल्यांसाठी ते उत्तर अजून थोडं बिघडतं. हे मला टोचलं. माझा फॉर्म भरताना मी पगार, हवा, शाळा, पेट्रोल असं सगळं एक्सेलमध्ये मांडलं होतं. पण आमच्याकडे कोणी बंदूक घेऊन आलेलं नाही, कोणी लीज संपली म्हणून उठवलेलं नाही. आजोबांची दोन एकर सातबाऱ्यावर आमच्याच नावावर आहे, तलाठ्याकडे कितीही खेटे घालावे लागले तरी. मग मी नक्की कशापासून निघालोय? रांगेपासून? खड्ड्यांपासून? सिडनीवाल्यांच्या वडिलांना पर्याय नव्हता. मला आहे, आणि त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारीही माझीच आहे.

फॉर्म अजून डिलीट केलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या एक्सेलमध्ये एक नवीन कॉलम टाकलाय, 'इथे राहून काय दुरुस्त करता येईल'. सध्या त्यात एकच ओळ आहे. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे, गेली चार वर्षं मी गेलेलो नाही. यावेळी जाणार आहे. आईचा फोन त्याच वेळेला येईल, तेव्हा "बघू" ऐवजी निदान "मीटिंगमध्ये आहे" एवढं तरी सांगता येईल.

असो. आजच्यापुरतं एवढंच. चहा गार झाला.